ट्रेनिंग देऊन गेलात, आता एकदा परत या

शिक्षकांना ऑनलाइनचं ट्रेनिंग देणारे, ते ठरवणारे आणि त्याच्या पीपीटी बनवणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते, २७ वर्षं झाली. सध्या माझ्याकडे पाचवी आहे, पटावर ३८ मुलं. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, काहींचे कायम रातपाळीला. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं याच्याशीच जोडलेलं आहे. वर्गात कुठलं टूल चालेल हे त्या टूलपेक्षा घरातला फोन दिवसा कुणाच्या खिशात असतो यावर जास्त ठरतं, आणि हे कळायला मला बरेच दिवस लागले.

गेल्या पाच-सहा वर्षांत मी तुमची किती ट्रेनिंग केली ते मोजलं नाही, हॉलमधली, गूगल मीटवरची, यूट्यूब लाइव्हवरची, सर्टिफिकेटच्या पीडीएफने फोनमधलं एक फोल्डर भरलंय. पण खरं सांगते, आज मला वर्गात जे येतं त्यातलं फार थोडं त्या दिवसांत आलं. बाकीचं नंतर आलं, चुकत चुकत आलं, कुणीतरी शेजारी बसलं म्हणून आलं. तर माझं मागणं एवढंच आहे की ट्रेनिंग देऊन गेलात ना, आता महिन्याभराने एकदा परत या. का म्हणते ते सांगते, जरा लांबेल पण वाचा.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्याकडे चौथी होती, ४१ मुलं. "शाळा बंद पण शिक्षण आहे" ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची, त्यात दीक्षा या सरकारी ॲपवरच्या धड्यांच्या लिंक असायच्या, मी त्या तशाच पालकांच्या ग्रुपवर टाकायचे आणि मला वाटायचं आपलं काम झालं. मग एकेका घरी फोन लावायला बसले. सुरुवातीला लूम बंद, हातात पैसा नाही, रिचार्ज संपलेले. लूम चालू झाले तर फोन वडिलांबरोबर पाळीवर. दिवसा घरात स्मार्टफोन आहे अशी घरं निघाली १४. म्हणजे मी इतके दिवस ज्या लिंक पाठवत होते त्या रात्री आठ वाजता घरी पोचत होत्या आणि तोवर मुलं झोपायला आलेली.

पहिली मीट मी सकाळी ११ ला ठेवली होती कारण शाळेची वेळ ती. ६ मुलं आली. मग वेळ बदलून रात्री साडेआठ केली तर २२ आली. एका घरी आई विड्या वळत बसलेली, तंबाखूच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला, पोरगी त्याच्यासमोर. मी भागाकाराचं उदाहरण घेतलं, एका कट्ट्यात २५ विड्या तर हजार विड्यांचे कट्टे किती, आणि पोरं वहीत लिहायच्या आत मागून त्या बाईंचा आवाज आला, चाळीस. हात थांबलेला नव्हता त्यांचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या दोन घरच्या मुलांनाही आपल्याच फोनसमोर आणून बसवलं. मी रोज थोडा वेळ त्या आईसाठीसुद्धा शिकवायला लागले, उदाहरणं तशी निवडायला लागले. मीटचं बटण कुठे आहे हे तुम्ही मला दाखवलं होतं, त्याचे आभार आहेतच. पण मीट किती वाजता ठेवायची हा खरा प्रश्न होता आणि तो कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी काढला नव्हता.

आता व्हॉइस नोटबद्दल. याला तुम्ही टूल म्हणताय की नाही माहीत नाही, तुमच्या यादीत मी ते कधी पाहिलं नाही, पण माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं कामाचं काही आलेलं नाही. नेट कमी लागतं, मूल कधीही पाठवू शकतं, रात्री ११ ला वडील जेवायला बसले की त्या वेळात पाठवू शकतं. मी सांगितलं, पुस्तकातला एक परिच्छेद रोज वाचून पाठवा. पहिल्या आठवड्यात रोज पंचवीस-तीस यायच्या, मी स्वयंपाक करताना इयरफोन लावून ऐकायचे. त्यात एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं, गृहपाठ वेळेवर, वर्गात सगळ्यांबरोबर वाचताना ओठ बरोबर हलायचे. त्याची व्हॉइस नोट ऐकली तर प्रत्येक वाक्याच्या आधी मागून अगदी हळू कुजबुज येत होती. त्याची बहीण आधी म्हणत होती आणि तो तिच्या मागे म्हणत होता. मी ती नोट चार वेळा ऐकली. चौथीपर्यंत आलेला मुलगा, ज्याला मी आदल्या वर्षीपासून ओळखत होते, त्याला वाचता येत नव्हतं आणि बघून लिहिलेल्या सुंदर अक्षरामागे मला ते दिसलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मग मी त्याला काही न बोलता रोज एक ओळ पाठवायला लागले, माझ्या आवाजात, आणि त्याच ओळीचा फोटो. त्याने ऐकायची, बोट ठेवून बघायची आणि परत पाठवायची. पुढे मला गूगलचं रीड अलाँग कळलं, मूल मोठ्याने वाचतं आणि ते ॲप ऐकून कुठला शब्द चुकला ते दाखवतं, मराठीतही आहे, गोष्टी एकदा डाउनलोड करून ठेवल्या की नेट लागत नाही. ते त्याच्या बहिणीच्या फोनवर टाकून दिलं. दिवाळीनंतर त्याची एक नोट आली ज्यात मागे कुजबुज नव्हती. अडखळत होता, पण एकटा होता. ती नोट माझ्या फोनमध्ये अजून आहे, फोन बदलला तेव्हा पहिल्यांदा ती काढून घेतली.

हे सगळं तुम्हाला का सांगते? कारण त्या काळात मी जे शिकले त्याच्यामागे गरज होती आणि रोज तेच परत करणं होतं. नंतर शाळा सुरू झाल्या, आणि मग हॉलमधली ट्रेनिंग सुरू झाली.

हॉलमध्ये दीडशे शिक्षक. समोर पडदा. मागच्या रांगेला अक्षरं दिसत नाहीत. वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असतो पण दीडशे जण जोडले की ते गोल गोल फिरत राहतं. सकाळी एक ॲप, चहानंतर दुसरं, जेवणानंतर तिसरं, आणि साडेचारला फीडबॅकचा फॉर्म. मी वही घेऊन बसते, सगळं उतरवून घेते, तुम्ही म्हणता "आता इथे क्लिक करा", तोवर माझ्या फोनवर ओटीपी आलेला नसतो, तो येतो तेव्हा तुम्ही तीन स्लाइड पुढे गेलेले असता. मग मी हात वर करते. तुमच्यापैकी एक सर येतात, फार चांगले, हसतमुख, आणि म्हणतात, "द्या मॅडम, मी करून देतो." माझ्या हातातून फोन घेतात, अंगठा भराभर फिरतो, दहा सेकंदात झालेलं असतं. फोन परत हातात. "झालं मॅडम."

झालं, पण कुणाला आलं? तुमच्या अंगठ्याला ते आधीच येत होतं. कृपा करून आमच्या हातातून फोन घेऊ नका. आपण पोराला गणित अडलं तर त्याची पेन्सिल घेऊन सोडवून देतो का? डीएडला पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट आहे ही.

मला ज्याने खरं शिकवलं तो आमच्या शाळेतला तरुण शिक्षक, माझ्या मुलाच्या वयाचा. मी त्याला सर म्हणते, तो मला मॅडम. मधल्या सुट्टीत तो माझ्या शेजारी बसायचा आणि दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवायचा. खरंच, हातांवर बसायचा. म्हणायचा, "मॅडम, तुम्हीच दाबा. चुकू द्या, काही फुटत नाही." मी चुकीचं दाबलं की तो गप्प बसायचा, मी परत मागे यायचे, परत दाबायचे. एक गूगल फॉर्म बनवायला मला चार दिवसांच्या चार सुट्ट्या लागल्या. पाचवा फॉर्म मी घरी एकटीने बनवला. मराठी टायपिंग मला जड जात होतं तर त्याने कीबोर्डवरचा माइक दाखवला, बोला म्हणाला, बोललं की मराठीत लिहून येतं. त्या दिवसापासून माझे अर्धे श्रम वाचले. हे पत्रसुद्धा बरंचसं बोलून लिहिलंय, कुठे वाक्य लांबलं असेल तर त्यामुळे.

त्या सरांना कुठलं मानधन नाही, सर्टिफिकेट नाही. तुमच्या यादीत ते "सुलभक", म्हणजे ट्रेनिंग देणारे, नाहीत. पण प्रत्येक शाळेत असा एकतरी माणूस असतो, आणि तुम्ही ट्रेनिंगला एका शाळेतून एकालाच बोलवता. दोघांना बोलवा की. एकटा माणूस परत आला की रोजच्या गडबडीत आठवड्यात विसरतो, दोघं आले तर एकाला जे आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं.

आता ज्या एका टूलने माझं शिकवणं बदललं ते सांगते, कारण ते पहिल्यांदा मी तुमच्याच एका ट्रेनिंगमध्ये पाहिलं. तुम्ही त्याला सात मिनिटं दिली होती. प्लिकर्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात फोन एकच लागतो, शिक्षकाचा. मुलांच्या हातात कागदाची कार्डं, प्रत्येक कार्डावर काळा चौकोनी आकार, दोन मुलांचा सारखा नाही, आणि त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वर करून कार्ड धरायचं. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा आणि कुणाचं उत्तर काय ते फोनवर येतं. शेजारच्याला कळत नाही कारण अक्षर बारीक असतं आणि आकार प्रत्येकाचा वेगळा. लाजायचं कारण नाही, बघून लिहायची सोय नाही.

मी घरी येऊन करायला गेले तर अडकले. वर्गाची नावं कशी घालायची कळेना. विचारायला फक्त ट्रेनिंगच्या दिवसापुरता केलेला तुमचा ग्रुप होता, तोही "ओन्ली ॲडमिन" केलेला, म्हणजे आम्हाला त्यात लिहिताच येत नव्हतं. सहा महिने ते तसंच पडून राहिलं. विचार करा, सहा महिने, आणि अडलेली गोष्ट एवढीशी होती की आमच्या शाळेतल्या त्या तरुण सरांनी नंतर एका सुट्टीत ती सोडवून घेतली. तुम्ही महिन्याने एक चक्कर मारली असती तर माझ्या त्या वर्षीच्या मुलांना ते मिळालं असतं. ती मुलं आता सातवीत आहेत.

असो. झेरॉक्सच्या दुकानातून ४० कार्डं काढली, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड चमकतो आणि कॅमेरा वाचत नाही, हे मी पैसे घालवून शिकले. कार्ड वाकवायचं नाही, काळ्यावर बोट ठेवायचं नाही, हे मुलांना शिकवायला एक तास गेला. मग पहिला प्रश्न टाकला. दोन दिवस अपूर्णांक शिकवून झाले होते, "समजलं का" विचारलं की सगळा वर्ग "हो बाई" म्हणत होता. प्रश्न साधा, तीन छेद चार मोठा की तीन छेद आठ. हजर ३५. तीन छेद आठ मोठा म्हणणारे २३.

मी फोन बंद करून खुर्चीत बसले. मुलांना वाटलं काहीतरी बिघडलं. २७ वर्षांत किती वेळा मी "समजलं का" विचारलं असेल आणि किती वेळा "हो बाई" ऐकून पुढच्या पानावर गेले असेन. आठ हा चारपेक्षा मोठा म्हणून तीन छेद आठ मोठा, मुलांचा हिशोब सरळ होता, आणि तो मला फळ्यासमोर उभं राहून कधीच दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन कडक भाकरी जास्तीच्या नेल्या. आपल्याकडची कडक भाकरी कडाकड तुटते, पोळी ओढल्यावर वेडीवाकडी फाटते तसं होत नाही. एकीचे चार तुकडे, दुसरीचे आठ. प्रत्येकीतले तीन-तीन तुकडे घे म्हटलं आणि सांग पोट कशाने भरेल. एक मुलगा म्हणाला, "बाई, आठवालीचे तीन म्हणजे चटणीलाच पुरणार नाहीत." तिथं वर्ग फिरला. परत कार्डं वर केली तर ४ चुकले. त्या चौघांना नावाने ओळखून मी शेजारी बसवलं. आता तुम्हीच सांगा, यात ऑनलाइन कुठलं आणि भाकरी कुठली? मला दोन्ही लागलं. फोनने मला अडचण दाखवली आणि भाकरीने ती सोडवली. तुमच्या ट्रेनिंगमध्ये पहिला अर्धाच भाग असतो.

त्या कार्डांवरूनच एक गोष्ट झाली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक मुलगा कार्ड उलटंसुलटं करत म्हणाला, "बाई, हे पप्पांच्या डिझाइनच्या कार्डासारखं आहे." त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर काम केलेले. जेकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं असतात, भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही, आणि त्याच्यातून चादरीवर मोर आणि फुलं उमटतात. भोक आहे की नाही, काळं आहे की पांढरं, गोष्ट तीच. मी घरी जाऊन वाचलं. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ मध्ये हा माग आणला आणि पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी तशीच भोकांची कार्डं वापरायचं योजलं, त्याच बॅबेजला कॉम्प्युटरचा जनक म्हणतात. आणि आपल्या पुस्तकातले क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाले, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्या मुलाची मान कशी ताठ झाली काय सांगू. त्याने घरून एक जुनं कार्ड आणलं, मळलेलं, कडा झिजलेलं, आणि आम्ही ते खिडकीशी धरून उजेड कुठून येतो आणि कुठून नाही ते मोजलं. डिजिटल म्हणजे काय हे त्या दिवशी पाचवीच्या मुलांना कळलं आणि त्यासाठी एक रुपयाचा डेटा लागला नाही. सोलापूरच्या पोराला कॉम्प्युटर ही परकी गोष्ट वाटायचं कारणच नाही, त्याच्या घरात ती दोन-तीन पिढ्या आहे.

क्यूआर कोडवरून डिसले सरांची आठवण येणारच. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पीपीटीत ते असतात, आणि असायलाच पाहिजेत. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, १० लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. बातमी आली त्या रात्री आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दिवाळी होती, मी स्वतः रडले होते. पण तुम्ही त्यांचा फोटो दाखवून लगेच म्हणता, "ते करू शकतात तर तुम्ही का नाही?" तेव्हा मधली एक गोष्ट राहून जाते. ते त्या शाळेवर २००९ ला गेले. बक्षीस २०२० ला. म्हणजे मध्ये ११ वर्षं गेली, आणि सुरुवात एका शाळेत, एका गावातल्या पालकांबरोबर झाली. आम्हाला तुम्ही एका दिवसात तीन ॲप देता आणि पुढच्या महिन्यात चौथं. त्यांची पद्धत घ्यायची असेल तर त्यातला वेळही घ्या ना.

माझ्या वयाच्या शिक्षकांना तुम्ही "टेक्नॉलॉजीला घाबरणारे" म्हणता, समोर नाही पण आपापसात म्हणता ते ऐकू येतं. आम्ही फोनला घाबरत नाही. मुलांसमोर आपल्याला काही येत नाही असं होण्याला घाबरतो. आयुष्यभर फळ्यासमोर जिला सगळं येतं तीच बाई उभी राहिलेली असते, आणि अचानक तिचा हात थरथरतो आणि मागून कुणीतरी हसतं. मला ती भीती होती, बरीच वर्षं होती. मागच्या वर्षी एक दिवस टीव्हीला फोन जोडत होते, जोडला जाईना, मुलं चुळबुळ करायला लागली आणि मी म्हटलं, "मला येत नाहीये, कुणाला येतं?" मागच्या बाकावरून एक मुलगी उठली जी वर्षभर तोंड उघडत नव्हती. आली, दोन सेटिंग बदलल्या, झालं. विचारलं कुठे शिकलीस, तर म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे लाडकी बहीणचे फॉर्म मीच भरले." अकरा वर्षांची पोर. आधार, बँक, ओटीपी, सगळं. तिच्याकडे त्या बायका रांग लावायच्या. मी तिला वर्षभर अबोल समजत होते. त्यानंतर टीव्ही जोडायचं काम तिचं झालं आणि ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. (ओटीपी कुणाला सांगायचा नाही हा धडा मात्र मी तिच्याकडून सगळ्या वर्गाला दोनदा म्हणून घेतला.)

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर, अशा किती शाळा मला माहीत आहेत जिथे देणगीतून आलेला स्मार्ट टीव्ही कपाटात कुलूपबंद आहे, फुटला तर जबाबदारी कुणाची म्हणून. वस्तू वापरून मोडली तर शिक्षकाच्या पगारातून जाणार नाही असं एका कागदावर लिहून द्या, अर्धी कपाटं उघडतील.

आणि वेळ. आमचा फोन दिवसभर चालूच असतो, पण तो शिकवायला नाही. हजेरी ऑनलाइन, आहार ऑनलाइन, मुलांची माहिती एकदा या पोर्टलला एकदा त्या पोर्टलला, फोटो काढा, अपलोड करा, "आज ५ वाजेपर्यंत १०० टक्के करा". सर्व्हर चालत नाही म्हणून शिक्षक पहाटे उठून माहिती भरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाव्यतिरिक्त कामाला लावायचं नाही. ज्या शिक्षकाचं ऑनलाइन म्हणजे फक्त माहिती भरणं झालंय त्याला तुम्ही नवीन टूल दाखवता तेव्हा त्याला तो अजून एक फॉर्मच दिसतो. त्याचा दोष नाही.

आता एआयची ट्रेनिंग यायला लागलीत. मला त्याचं कुतूहल आहे, मी वापरते. जानेवारीत सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर वर्गात घ्यायला मी एका एआयकडून प्रश्न काढून घेतले. प्रश्न छान होते, उत्तरांमध्ये चारपैकी एक नाव भलतंच होतं. सोलापुरात १२ जानेवारी शाळेतल्या लहान पोरालाही माहीत असते. १९३१ साली त्या दिवशी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना इंग्रजांनी फाशी दिली. मी ते उत्तर तसंच मुलांना दाखवलं आणि म्हटलं यात एक चूक आहे, शोधून आणा. तीन मुलं पालकांना घेऊन पार्क चौकाजवळ चार हुतात्मा पुतळ्यांपाशी गेली, नावं वहीत लिहून आणली, एकाने आजोबांना विचारलं. त्या मुलांना मशीन चुकतं हे कळलं आणि आपण ते पकडू शकतो हेही कळलं. तुमच्या एआयच्या ट्रेनिंगमध्ये प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, कसा लिहायचा हे दोन तास होतं, उत्तर कसं तपासायचं याला एक स्लाइड. उलटं करा ना.

भाषांतराचंही तसंच. एका आजीला मुलाच्या आजारपणाबद्दल समजवायचं होतं, मी फोनवर मराठीत बोलून तेलुगू करून ऐकवलं. आजी नुसती बघत राहिली. शेजारी उभी असलेली नात म्हणाली, "बाई, आमच्यात असं बोलत नाहीत", आणि तिने तेच चार शब्दांत सांगितलं. आजीला कळलं. इथली तेलुगू सोलापूरची आहे, तिच्यात मराठी मिसळलेली आहे, आणि ती अजून कुठल्या ॲपला येत नाही.

तर आता तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगते. एका सत्रात एकच गोष्ट द्या. ती हॉलमध्ये दाखवा हवं तर, पण मग महिन्याने आमच्या वर्गात या, आमच्या नेटवर, आमच्या मुलांसमोर, आणि मागच्या बाकावर बसून बघा आम्ही कुठे अडतो. फोटो काढायला येऊ नका. सर्टिफिकेट नको. फीडबॅकच्या फॉर्ममध्ये "प्रशिक्षण कसे वाटले" विचारता, त्यापेक्षा तीन महिन्यांनी फोन करून विचारा की काय वापरताय आणि काय सोडून दिलंत, सोडून दिलं ते का. मी खरं उत्तर देईन, सगळे देतील, फक्त त्यावरून आमच्या शाळेचा नंबर लावू नका. ग्रुप "ओन्ली ॲडमिन" करू नका. आणि तुमच्यातले ते हसतमुख सर आले तर त्यांना सांगा, हात मांडीखाली ठेवून बसायचं.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते, साडेसातला प्रार्थना, आठला गणित. कुठल्याही शनिवारी या. उन्हाळ्यात येणार असाल तर मात्र लवकर या, दहानंतर पत्रा तापतो आणि मुलांचं लक्ष राहत नाही. आमच्या वर्गात ३८ मुलं आणि कार्डं ४०. ३९ आणि ४० नंबरची कार्डं अजून कुणाच्या नावावर नाहीत. ती तुमच्यासाठी ठेवते. मागच्या बाकावर बसा, प्रश्न मुलंच काढतील, तुम्ही कार्ड वर करा.

वाट बघते.

आपली,
एक शिक्षिका
सोलापूर